पंधरा हजारांचं बोट

तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का, ज्याच्या हाताला एक बोट कमी आहे? नीट आठवा. रूमवरचा एखादा पार्टनर, मेसवाल्या काकांचा मुलगा, गावाकडचा आयटीआय झालेला वर्गमित्र. मी हा प्रश्न आमच्या वर्गात विचारला तेव्हा हसले होते सगळे. मग एकेक जण सांगायला लागला. सत्तावीस जणांच्या वर्गात नऊ जणांकडे नाव होतं. आपलं शहर म्हणजे वेरूळ, अजिंठा आणि इम्रती एवढंच नाही. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या एमआयडीसींवर ते चालतं, आणि तिथल्या प्रेस मशीनवर बोटं जातात.

माझ्याकडचं नाव माझ्या मामेभावाचं. ते इथे लिहीत नाही, कारण त्याला अजून तिकडेच काम शोधायचं आहे.

ऑगस्ट २०२४. तो वीस वर्षांचा. फिटर ट्रेडचा आयटीआय करून वाळूजकडे एका शेडमध्ये ‘ट्रेनी’ म्हणून लागला होता, ठेकेदारामार्फत, महिना बारा हजार. शेड म्हणजे सात-आठ माणसं, तीन प्रेस. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात आणि ती दोन हातांनी एकाच वेळी दाबावी लागतात. हेतू हा की बटण दाबताना तुमचे दोन्ही हात बटणावर असावेत, डायखाली नसावेत. त्या शेडमध्ये एका बटणावर टेप चिकटवलेला होता. म्हणजे ते कायम दाबलेलंच. एक हात मोकळा राहतो, पीस पटापट निघतात. टेप कुणी लावला? तो लागला त्याच्या आधीपासून होता.

उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली.

ठेकेदाराने त्याला मोटारसायकलवर बसवून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या केसपेपरवर काय लिहिलं गेलं, माहीत आहे? ‘घरी लोखंडी दरवाजात बोट अडकले.’ सांगणारा ठेकेदार, लिहिणारा डॉक्टर, आणि पोरगं वेदनेने अर्धं बेशुद्ध. बिल ठेकेदाराने भरलं. पंधरा दिवसांनी मामाच्या हातात पंधरा हजार रुपये दिले आणि बाँडपेपरवर सही घेतली : ‘माझी काही तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही.’ ठेकेदार आमच्याच गावाकडचा. मामा म्हणाला, ‘माणूस चांगला आहे, दवाखान्याचे पैसे तरी दिले.’

मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. हे कबूल करते. मी मास कम्युनिकेशन शिकत होते, ‘मीडिया लॉ’च्या पेपरला चांगले मार्क होते, आणि घरातल्या माणसाचं बोट गेलं तेव्हा कायदा नावाची गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही.

ती आली या जानेवारीत, औरंगपुऱ्यात. पुस्तकांच्या दुकानात एका मैत्रिणीसाठी गाईड घ्यायला गेले होते. कायद्याच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक पातळ पुस्तक दिसलं, कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. उभ्या उभ्या चाळलं. मागच्या बाजूला परिशिष्ट होतं, आणि त्यात बोटांचा तक्ता. खरंच सांगते, अंगावर काटा आला. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. हाताची किंमत अशी खाटकाच्या दुकानासारखी लावलेली वाचून आधी राग येतो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, निदान कुणीतरी किंमत लिहून तर ठेवली आहे. आम्ही ती मालकाच्या मनावर सोडली होती.

पुस्तक घेतलं. दुकानदार काका म्हणाले, ‘एलएलबी का?’ म्हटलं, ‘नाही, घरचं काम आहे.’

आता हिशेब बघा. आकडेमोड सोपी आहे, शेअर चॅटवरच्या कोड्यांपेक्षा सोपी. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्यायचे आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. विसाव्या वर्षासाठी तो आकडा २२४ आहे. वय वाढेल तसा तो कमी होतो, कारण कमावण्याची पुढची वर्षं कमी होतात. बारा हजारांचे ६० टक्के ७,२००. गुणिले २२४ म्हणजे १६ लाख १२ हजार ८००. त्याचे १४ टक्के : २ लाख २५ हजार ७९२ रुपये. दवाखान्याचा खर्च यात धरलेला नाही, तो मालकाने वेगळा द्यायचा असतो. अपघात झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. (पगार कितीही असला तरी २०२० पासून या हिशेबात महिना १५ हजारच धरतात. महागाई बघता ही मर्यादा हास्यास्पद आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पंधरा हजार आणि सव्वादोन लाख. ‘माणूस चांगला आहे’ या वाक्याची किंमत आमच्या घराला एवढी पडली.

तुम्ही म्हणाल, पण बाँडवर सही केली ना? मलाही हीच भीती होती. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दच. तडजोड करायची तर तिची नोंद भरपाई आयुक्ताकडे करावी लागते. नोंद केली नाही तर मालकाला पूर्ण रक्कम देणं भाग आहे. दिलेले पैसे फार तर त्यातून वजा होतील. आणि मृत्यूच्या बाबतीत तर घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही, ती आयुक्ताकडेच जमा करावी लागते. १९२३ साली हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं की दुःखात असलेल्या माणसाकडून सही घेणं किती सोपं असतं.

दुसरा मुद्दा, ‘चूक तुझीच होती.’ हे वाक्य प्रत्येक शेडमध्ये ऐकू येतं. तू मोबाइल बघत होतास, तुझी झोप झाली नव्हती, तू हात का घातलास. पण या कायद्यात साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होऊच शकत नाही. मालक सुटतो तो कामगार दारू किंवा नशेत असेल, सुरक्षेचा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला असेल, किंवा सुरक्षेसाठी बसवलेली गोष्ट त्याने स्वतः जाणूनबुजून काढली असेल तरच. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे बचावही चालत नाहीत. आता त्या टेपचा विचार करा. उत्पादन वाढावं म्हणून टेप लावणाराच उद्या म्हणणार, पोराने सुरक्षा काढली.

तिसरा, ‘तो आमचा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे.’ ज्याच्या धंद्याचं काम चाललं आहे तो मूळ मालक जबाबदार. त्याने आधी पैसे द्यायचे, मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. ‘ट्रेनी आहे, कामगार नाही’ हेही असंच. अप्रेंटिसशिप कायद्याखाली रीतसर लागलेल्या शिकाऊ मुलाला प्रशिक्षणात इजा झाली तर १९६१ च्या त्या कायद्यातच भरपाईची तरतूद आहे. आणि रीतसर अप्रेंटिस न करता नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून आठ तास प्रेसवर उभं केलं असेल तर तो काम करतो आहे. आयडी कार्डावर काय छापलंय यापेक्षा मशीनवर हात कुणाचा होता, हे महत्त्वाचं. डिप्लोमा, आयटीआय करणाऱ्यांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

एक गल्लत मात्र करू नका. तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल तर तुमचा रस्ता वेगळा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला राज्य विमा लागू होतो. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत रोजच्या मजुरीच्या ९० टक्के, कायमचं अपंगत्व राहिलं तर पेन्शन, उपचार मोफत. आणि त्यासाठी ‘इतके दिवस भरले पाहिजेत’ अशी अट नाही. पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क आहे. पण मग मालकाकडून वर सांगितलेली भरपाई मागता येत नाही, दोन्ही ताटांत जेवता येत नाही. मालकाने तुमची नोंदणीच केली नसेल तरी विमा महामंडळ तुम्हाला लाभ देऊन ते पैसे मालकाकडून वसूल करू शकतं. माझ्या भावाच्या शेडमध्ये माणसंच सात-आठ, म्हणून त्याला १९२३ चा कायदा.

आता थोडं मागे जाऊ. औरंगपुऱ्यात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे, तिथून रोज जाता ना तुम्ही? फुल्यांचे एक सहकारी होते, नारायण मेघाजी लोखंडे. ‘दीनबंधु’चे संपादक. आपल्याला रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. पण सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, त्यात रविवारच्या मागणीबरोबर आणखी एक मागणी होती. कामावर जबर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. कायदा यायला त्यानंतर चाळीस वर्षं लागली. अंमल सुरू झाला १ जुलै १९२४ ला. रविवार आपल्या अंगवळणी पडला. ही दुसरी मागणी मात्र शंभर वर्षं कायद्यात असूनही आपल्याला ‘मदत’ वाटते.

आणि माझं भांडण या ‘मदत’ शब्दाशीच आहे. ३१ डिसेंबर २०२३ ची पहाट आठवते? वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार गेले. बाहेर थर्टी फर्स्टची तयारी चालली होती. मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली आणि बहुतेकांसाठी बातमी तिथेच संपली. आम्ही पत्रकारही ‘पाच लाखांची मदत’ एवढी हेडलाइन देतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. पण सरकारने दिलेली मदत आणि मालकाने द्यायची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मुळे दुसरी फिटत नाही. कामावर मरण पावलेल्या बावीस वर्षांच्या, म्हणजे माझ्या वयाच्या, पंधरा हजार पगाराच्या कामगाराच्या कुटुंबाला १९२३ च्या कायद्याच्या हिशेबाने १६ लाख ६० हजार २७५ रुपये येतात. हा आकडा मी कुठल्याही अपघाताच्या बातमीत अजून वाचलेला नाही. आमच्या डेस्कवर आता मी तो विचारते, थोडी चिडतात मंडळी.

दावा म्हणजे फार लांबचं काम, असं ज्यांना वाटतं ते चूक नाहीत. एक उदाहरण आपल्या बाजूचंच देते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन. २२ एप्रिल २००३ ला पहाटे तीनच्या ड्युटीसाठी मोटारसायकलवर निघाला, कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये घरच्यांना ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी अपिलात गेली. आपल्याच शहरातल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०११ मध्ये तो निकाल रद्द केला, कारण अपघात रस्त्यावर झाला, कामावर नाही. शेवटी २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरून कामावर जाताना झालेला अपघात, वेळ-जागा-परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच अपघात धरायचा. निकाल कुटुंबाच्या बाजूने. पण बावीस वर्षं! मी जेमतेम जन्मले होते तेव्हा सुरू झालेली ही गोष्ट मी इंटर्न झाल्यावर संपली. कायदा चांगला आहे असं लिहिताना हा आकडा लपवणं मला पटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि १९२३ चा कायदा व ईएसआय दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत. कामावर जाता-येतानाच्या अपघाताची गोष्ट तिथे आता थेट लिहिलेली आहे, हे चांगलं झालं. त्याआधीच्या अपघातांना, म्हणजे माझ्या भावाच्याही, जुनाच कायदा.

आणि डिलिव्हरी करणारे? निराला बाजारच्या कोपऱ्यावर रंगीत टी-शर्टमध्ये उभे असतात त्यांच्यातले निम्मे आपल्याच कॉलेजचे. नवी संहिता त्यांना ‘गिग कामगार’ म्हणून ओळखते खरी, पण व्याख्येतच म्हणते की हे मालक-नोकर नात्याच्या बाहेरचं काम. म्हणजे वरचा सगळा हिशेब त्यांना सरळ लागू होत नाही. त्यांच्यासाठी कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के काढून निधी करायचा आहे. तोवर अ‍ॅपमधला अपघात विमा काय देतो ते वाचून ठेवा, आणि दुसऱ्या गाडीने धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा रस्ता आहेच. बॉस नाही म्हणून स्वातंत्र्य आहे असं आपल्याला विकलं जातं. पाय मोडल्यावर कळतं की बॉस नसणं कुणाच्या फायद्याचं होतं.

छोट्या शेडवाल्यांची बाजू मी ऐकली आहे. एक जण म्हणाला, ‘मॅडम, दोन लाख दिले तर मला शटर पाडावं लागेल.’ खोटं नसेल ते. पण यासाठी विमा पॉलिसी मिळते. प्रेसचा विमा काढतो, मालाचा काढतो, टेम्पोचा काढतो, मग माणसाचाच का राहतो? आणि २०१७ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक मालकाने कामावर घेतानाच कामगाराला त्याचा भरपाईचा हक्क त्याला कळेल अशा भाषेत लेखी सांगायचा होता, नाहीतर ५० हजार ते १ लाख दंड. तुम्हाला कुणी सांगितलं? कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपनी येते तेव्हा आपल्या प्लेसमेंट सेलचे सर टाय कशी बांधायची ते सांगतात. मला वाटतं, त्यांनी कंपनीला दोन प्रश्न विचारावेत, ईएसआय आहे का, आणि नसेल तर भरपाईचा विमा आहे का. उत्तर नोटीस बोर्डावर लावावं. ‘कमवा आणि शिका’वाल्या प्रत्येक कॉलेजने हे करायला काय हरकत आहे?

तुमच्या रूमवर, घरी असं झालं तर एवढं तरी करा. डॉक्टरला खरं कारण स्वतः सांगा, पेशंट बोलू शकत नसेल तर सोबत कुणी आपला माणूस जाऊ द्या. शक्य तर घाटीत न्या, तिथे पोलिसांना कळवणारी नोंद होते. मशीनचा फोटो काढा. मालकाला अपघाताची लेखी नोटीस द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर तरी टाका. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं. तो कामगार न्यायालयात बसणाऱ्या भरपाई आयुक्तांकडे करायचा, आणि अपघात जिथे झाला तिथेच नाही तर तुम्ही जिथे राहता तिथेही करता येतो. बिहारचा मुलगा बिहारमधून करू शकतो. वकिलाला पैसे नसतील तर अदालत रोडवर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘ताई, त्या ठेकेदाराकडं गावातली अजून चार पोरं कामाला हायेत. मी केस टाकली तर त्यांना काढून टाकल तो.’ यावर माझ्याकडे कायद्यातलं कलम नव्हतं. अजूनही नाही. मामाचं म्हणणं तर, झालं ते झालं, आता लग्नाचं बघायचंय, कोर्टाची पायरी कशाला.

पण मध्ये एक गोष्ट घडली. त्याच्या बँकेने चेक परत केला. सही जुळत नाही म्हणे. तर्जनी नसलेल्या हाताने पेन वेगळं धरावं लागतं, सही वेगळी येते. काउंटरवरच्या बाईंनी त्याला सगळ्यांसमोर तीनदा सही करायला लावली. त्या रात्री त्याने मला फोन केला आणि विचारलं, ‘ते दोन वर्षं कधी भरतात?’

ऑगस्टमध्ये. पगाराची स्लिप नाही, हजेरीचं कार्ड नाही, दवाखान्याच्या कागदावर लोखंडी दरवाजा आहे. काल त्याला जुन्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला. कामाच्या दुसऱ्या दिवशी मित्रांना दाखवायला काढलेला सेल्फी. मागे प्रेस दिसते, आणि झूम केलं की डाव्या बटणावरचा टेपही.